फायबरच्या टपावर कॅरियर: वजनाला वाट करून देताना

अमेरिकेत १९७० आणि १९८०च्या दशकांत साध्या मालवाहू व्हॅनची राहती गाडी करून देण्याचा धंदा जोरात होता. फोर्ड इकोनोलाइन, डॉज किंवा शेव्हरोलेची व्हॅन घ्यायची, तिचं पत्र्याचं टप कापायचं आणि वर फायबरग्लासचं उंच टप बसवायचं, म्हणजे आत माणूस ताठ उभा राहू शकतो. इंडियाना राज्यातला एल्कहार्ट परिसर या कामासाठी प्रसिद्ध झाला. इकोनोलाइनची बंद व्हॅन २०१४पर्यंत बनत होती, त्यामुळे असं टप डोक्यावर घेतलेल्या गाड्या तिथे आजही विकायला येतात. गाडी घेतली, आतला पलंग-ओटा झाला, की पुढची मागणी ठरलेली असते: वर कॅरियर हवं. सोलर पॅनेल, कयाक, सामानाची पेटी. मग प्रश्न पडतो, हे टप तेवढं वजन पेलेल का?

माझं उत्तर असं की टपाने ते पेलायचंच नाही. कॅरियरच्या पायापासून गाडीच्या पोलादी सांगाड्यापर्यंत वजन उतरायला वाट हवी. टप फक्त त्या वाटेच्या आड येऊ नये. हे एकदा पटलं की कुठे किती मॅट (काचेच्या धाग्यांचा जाजमासारखा थर) चढवायचा, बोल्ट कुठे मारायचा, हे सगळे निर्णय सोपे होतात.

पत्रा कापला तेव्हा काय गेलं

व्हॅनच्या मूळ टपाखाली डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या पोलादी कमानी असतात. त्या बाजूच्या वरच्या कडेला वेल्ड केलेल्या असतात. उंच टप बसवताना पत्र्याबरोबर या कमानीही जातात. चांगल्या कारखान्यांनी कापलेल्या जागेभोवती पोलादी चौकट किंवा एखाद-दुसरी नवी कमान घातलेली असते. सगळ्यांनी ती घातलेली नसते. फायबरचं टप मग पावसाच्या पन्हळीवर बसतं, कडेने चिकटवलेलं आणि स्क्रूने आवळलेलं. स्वतःचं वजन, पाऊस आणि वारा एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं.

कौलारू घरावर चढणारा माणूस कौलावर पाय ठेवत नाही, खाली वासा कुठे आहे ते बघून ठेवतो. या टपाचंही तसंच आहे, फक्त वासे आपल्याला घालायचे आहेत.

मोटारींच्या इतिहासात हा धडा दोन वेळा स्पष्ट दिसतो. १९५३ साली आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची होती, पण ती पोलादी चासीवर बसवलेली होती. भार चासीचा, आकार फायबरचा. त्याच दशकाच्या शेवटी आलेल्या लोटस एलीटमध्ये चासी ठेवलीच नाही, फायबरची बॉडी हाच सांगाडा केला. तिथेही जिथे भार एका बिंदूवर यायचा तिथे फायबरच्या आत धातूचे तुकडे पुरावे लागले. पुढे १९६२च्या लोटस एलानमध्ये पोलादी कणा परत आला.

फायबर कसं वाकतं

आपण ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतो ते म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिएस्टर रेझिन. ताणाला हे मिश्रण चांगलं टिकतं. त्याची अडचण ताठपणाची आहे. पोलादाशी तुलना केली तर साध्या मॅटच्या फायबरचा ताठपणा पंचवीस-तीस पटींनी कमी, ॲल्युमिनियमशी केली तर साधारण दहा पटींनी कमी. म्हणून टप तुटण्याच्या कितीतरी आधी लवतं. एकदा-दोनदा लवलं तर काही बिघडत नाही. रोज, प्रत्येक खड्ड्याला लवत राहिलं की वरच्या जेलकोटवर, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थरावर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात, त्यातून पाणी शिरतं आणि थर सुटायला लागतात.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे आतून मॅटचे आणखी थर चढवणं. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठ पट होतो, हे खरं आहे. पण वजन बघा: ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनसकट चौरस मीटरला दीड किलोच्या आसपास जातो आणि जाडी जेमतेम एक मिलिमीटर वाढवतो. पाच चौरस मीटरच्या टपाला तीन थर दिले तर वीस-बावीस किलो गाडीच्या अगदी डोक्यावर चढले, आणि तरीही भार उतरायला वाट मिळाली नाही.

तीच मेहनत अंतर ठेवून केली तर फळ वेगळं मिळतं. ३ मिलिमीटरच्या कवचाला आतून १२ मिलिमीटरचा कडक फोम चिकटवला आणि त्यावर दीड मिलिमीटरचं दुसरं कवच चढवलं, तर कागदावरच्या हिशेबाने ताठपणा नव्वद पटींच्या आसपास जातो. फोम स्वतः थोडा दबतो-सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा खाली येतो, पण फरक हाताला लगेच जाणवतो. बरगड्यांमागचं तत्त्वही हेच: काच मूळ कवचापासून जितकी दूर, तितका ताठपणा जास्त.

वजनाचा हिशेब, खाली आणि वर

कॅरियर ३० किलो, पॅनेलं ४० किलो, पेटी आणि सामान ३० किलो, म्हणजे उभ्या गाडीवर १०० किलो. खड्ड्यात हाच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. तुलनेसाठी, मर्सिडीज स्प्रिंटरच्या पोलादी उंच टपाला कंपनीने दिलेली मर्यादा १५० किलोची आहे, आणि कमी उंचीच्या टपाला ३०० किलोची. पोलादाची ही गोष्ट असेल तर तीस वर्षं उन्हात तापलेल्या फायबरवर १०० किलोच्या वर जाण्याचा विचार मी करणार नाही.

लोक विसरतात ती दुसरी दिशा, वरची. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणारा वारा एक चौरस मीटरच्या सपाट उभ्या फळीवर ४५ ते ५० किलोंचा जोर लावतो. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १२० किलोमीटरला तो जवळपास दीडपट. घरावर लावतात तसं ४०० वॉटचं पॅनेल साधारण दोन चौरस मीटरचं आणि वीस-बावीस किलोंचं असतं. त्याची पुढची कड जराशी उचललेली असेल आणि हवा खाली शिरली, तर त्याला वर खेचणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट सहज होतो. म्हणून कॅरियरचे पाय नुसते टेकलेले असून चालत नाही, ते खालून धरलेले हवेत. पॅनेल सपाट बसवावं आणि पुढच्या कडेला वारा वर वळवणारी पट्टी लावावी.

आणखी एक गोष्ट वजनाच्या आकड्याइतकीच गंभीर आहे. टप उंच झालं की गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो, कॅरियर तो आणखी वर नेतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने पंधरा आसनी लांब व्हॅन उलटण्याच्या धोक्याबद्दल इशारे देताना टपावर सामान ठेवूच नका, असं सांगितलं आहे. इकोनोलाइनची लांब आवृत्ती त्याच जातीची. जड वस्तू, म्हणजे पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारं, या गाडीत खालीच हव्यात.

आधी टप तपासा

आतलं कापड, गालिचा, लाकडी पट्ट्या काढल्याशिवाय काहीच ठरवू नका. खाली काय सापडेल ते गाडीगणिक वेगळं. बाहेरून जेलकोटवरच्या भेगा बघा. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे मार बसलाय किंवा खालून स्क्रू ओढतोय. समांतर भेगा म्हणजे टप त्या रेषेत लवतंय. मग एक नाणं घेऊन इंच-इंच वाजवत जा. टणक, खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहेत. बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. बद्द जागा पेन्सिलीने आखून ठेवा, त्या आधी दुरुस्त व्हायला हव्यात.

शेवटी पन्हळ. तिथला सीलंट सुकून भेगाळला असेल, गंज दिसत असेल, तर कॅरियर सोडा आणि आधी ते काम करा. सगळा भार शेवटी तिथेच उतरणार आहे.

टपाला न टेकणारं कॅरियर

पन्हळ बाहेरून मोकळी असेल तर सगळ्यात चांगला मार्ग हाच. पन्हळीला चिमटणारे उंच पाय दोन्ही बाजूंना घ्यायचे, त्यावर टपाच्या वरून जाणाऱ्या आडव्या दांड्या टाकायच्या. टप आणि दांडी यांत तीन-चार सेंटिमीटर हवा राहू द्या. भार थेट पोलादावर जातो, फायबरला एकही भोक नाही. पाय उंच असल्यामुळे ते पुढे-मागे डुलतात, म्हणून प्रत्येक बाजूच्या पायांना तिरपी पट्टी मारून त्रिकोण करा. हे न करता दांड्या जाड करत बसण्यात अर्थ नाही.

अनेक गाड्यांत मात्र फायबरची कड पन्हळीवरूनच खाली येते आणि पकडायला जागा उरत नाही. तेव्हा आतल्या कामाला पर्याय नाही.

आतून बरगड्या

कॅरियरच्या प्रत्येक दांडीखाली एक बरगडी, अशा तीन किंवा चार. बरगडी टपाच्या मध्यावर संपता कामा नये. ती एका बाजूच्या भिंतीतून चढून, टपाखालून जाऊन, दुसऱ्या बाजूला पोलादापर्यंत उतरली पाहिजे. तीच कापलेल्या कमानीची जागा घेते.

साचा म्हणून कडक फोमची पट्टी चालते, साधारण ४० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर उंच, वरच्या कडा तिरप्या तासलेल्या. तिला टपाच्या वळणावर बसवायचं तर मागच्या बाजूने दर दोन-तीन सेंटिमीटरवर करवतीने अर्धवट चिरा मारा, ती आपोआप वळते. आतला पृष्ठभाग ४० किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून पूर्ण निस्तेज करा. जुना गोंद आणि रंग शिल्लक राहता कामा नये. घासण्याआधीही ॲसिटोनने पुसा आणि नंतरही. आधी नाही पुसलं तर तेलकटपणा घासून आतच जिरतो.

पट्टी चिकटवली की तिच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत दाट केलेलं रेझिन भरून बोटाच्या गोलाईचा उतार द्या. काचेला काटकोन आवडत नाही, तिथे ती उचलली जाते आणि खाली हवा राहते. मग थर: पहिला दोन्ही बाजूंना टपावर पाच सेंटिमीटर पसरणारा, दुसरा साडेसात, तिसरा दहा. कडा एका जागी संपल्या तर तिथे टप वाकून चिरतं, म्हणून त्या अशा पायरीने जातात. मॅट वापरत असाल तर कडा कात्रीने कापू नका, हाताने फाडा; फाडलेली कड पातळ होत जाते.

हे सगळं डोक्यावर हात करून करायचं काम आहे. मोठा तुकडा कधी वर न्यायचा नाही. हातभर लांबीचा तुकडा खाली फळीवर रेझिनने भिजवायचा, वर नेऊन एका टोकापासून लावायचा आणि चरे असलेल्या धातूच्या रोलरने मधून बाहेर हवा काढायची. कोरडा मॅट पांढरा असतो, भिजला की पारदर्शक होतो आणि खालचा फोम दिसायला लागतो. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा आहे किंवा रेझिन पोचलेलं नाही. तो ठिपका तसाच सोडू नका. रोलर फिरवा, गरज पडली तर ब्रशने दोन थेंब द्या. उलट रेझिन जास्त झालं की खाली टपकतं आणि तो भाग ठिसूळ होतो.

एका दमात सगळे थर चढवू नका. रेझिन घट्ट होताना तापतं आणि आकसतं. जाड थर एकदम दिला तर बाहेरच्या चकचकीत टपावर बरगडीची रेघ उमटते आणि ती नंतर जात नाही. दोन थर, थंड होऊ द्या, मग पुढचा.

जिथे कॅरियरचा पाय येणार तिथे साच्यात फोम ठेवायचा नाही. बोल्ट आवळला की फोम चेपतो. त्या जागी ॲल्युमिनियमचा ठोकळा किंवा सगळ्या बाजूंनी इपॉक्सी पाजलेल्या मरीन प्लायवूडचा तुकडा बसवून त्यावरूनच काच चढवा. बरगडीचं खालचं टोक पोलादी कडेला अँगलच्या तुकड्याने बोल्ट करा. हे शेवटचं पाऊल गाळलं, तर बरगड्यांनी टप ताठ होईल, पण सगळा भार चिकटवलेल्या कडेवर येईल.

वजन जास्त असेल तर मी फायबरच्या बरगड्यांऐवजी २५ मिलिमीटरच्या चौकोनी पोलादी नळीच्या कमानी टपाच्या आकाराला वळवून घेईन, त्या पोलादी कडेला बोल्ट करेन आणि टप व कमान यांच्यामध्ये पॉलियुरेथेनच्या चिकट सीलंटचा जाड थर ठेवेन. उन्हात फायबर पोलादापेक्षा जास्त फुगतं. मधला लवचिक थर ती ओढाताण सहन करतो.

रेझिन आणि काच

जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर नवं पॉलिएस्टर रासायनिक रीतीने एकजीव होत नाही, फक्त खरवड्यांत धरून राहतं. इपॉक्सीची पकड बरीच चांगली. महाग आहे, पण बरगड्यांच्या कामाला मी तेच निवडेन. एक पथ्य पाळावं लागतं: साध्या मॅटमधले धागे ज्या डिंकाने बांधलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीने नाही. त्यामुळे इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्यावं. आणि इपॉक्सीवर नंतर नेहमीचा जेलकोट नीट बसत नाही. आतल्या बाजूला त्याची गरज नाहीच.

पॉलिएस्टरला हार्डनर एक ते दोन टक्के, हवेनुसार. पंचवीस अंशांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटं हातात मिळतात. इपॉक्सीत मात्र प्रमाण कंपनीने दिलेलंच हवं, वजनकाट्यावर मोजून. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते कायमचं मऊ राहतं.

आणि जिवाची काळजी. पॉलिएस्टरचा हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आधी, डबा नंतर. बंद व्हॅनमध्ये स्टायरीनचा वास कोंडतो. दारं उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने आणि तोंडाला रासायनिक वाफेचा फिल्टर असलेला मास्क, कापडी नव्हे. उरलेलं रेझिन मगात साठवून ठेवू नका, धुमसतं.

भोक पाडताना

बोल्ट एम-८, स्टेनलेसचे. खाली नुसता वॉशर नको. निदान तळहाताएवढी, ३ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची प्लेट, कोपरे गोल केलेले. भोक पाडताना ड्रिल आधी उलटं फिरवून जेलकोट कापून घ्या, म्हणजे त्याचे टवके उडत नाहीत. मग भोकाच्या तोंडाला मोठ्या बिटने किंचित खोलगट करा. त्या खोलगट जागेत सीलंटचं कडं तयार होतं आणि तेच पाणी अडवतं. सीलंट पॉलियुरेथेनचा किंवा ब्युटाइल टेप. सिलिकॉन या कामाला वापरू नका: तो सुटला की त्या जागेवर नंतर रेझिन, रंग, दुसरा सीलंट, काहीच धरत नाही. नट आधी हाताने जेमतेम आवळा, सीलंट जमू द्या, दुसऱ्या दिवशी पान्याने पूर्ण आवळा. पहिल्याच दमात आवळलं तर सगळा सीलंट बाहेर येतो.

उघडणारं टप असेल तर

फोक्सवॅगनच्या वेस्टफालिया गाड्यांसारखं पुढून वर उचलणारं टप ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दर रात्री ते वजन हातांनी उचलायचं असतं, आणि बिजागऱ्या फक्त रिकाम्या टपाचा विचार करून बसवलेल्या असतात. फोक्सवॅगनच्या व्हॅनागन या मॉडेलच्या वेस्टफालियात केबिनच्या वर सामानासाठी स्वतंत्र खोलगट जागा दिलेली आहे ती याचसाठी. अशा टपावर पातळ, हलकं सोलर पॅनेल चिकटवावं आणि थांबावं.

भारतात करायचं असेल तर

फायबरच्या कामासाठी आपल्याकडे सामान सहज मिळतं. कोकणात आणि गोव्यात मासेमारीच्या होड्यांचं काम करणारे कारागीर हे तंत्र रोज वापरतात. पण इथल्या दुकानात रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर बऱ्याचदा वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. टप कापून उंच करणं सरळ त्यात येतं. काम सुरू करण्याआधी आरटीओकडे चौकशी करा, कारण विम्याचा दावाही नोंदणीवरच उभा असतो.

वजन चढवून बघणं

आत टपाखाली एका भिंतीपासून दुसरीपर्यंत दोरा ताणा आणि मध्यभागी दोरा ते टप हे अंतर पट्टीने मोजून लिहा. कॅरियरवर वाळूच्या पिशव्या सावकाश चढवत ठरवलेल्या वजनाच्या दुपटीपर्यंत जा. प्रत्येक टप्प्याला अंतर मोजा. रात्रभर तसंच राहू द्या, शक्यतो उन्हाळ्यात आणि दुपारचं ऊन खाऊ देऊनच. साध्या पॉलिएस्टरचा ताठपणा ६०-७० अंशांच्या पुढे घसरतो आणि गडद रंगाचं टप तेवढं तापतं. वजन उतरवल्यावर अंतर मूळ आकड्यावर परत आलं पाहिजे. आलं नाही तर कुठली तरी बरगडी सुटली आहे किंवा भार अजून कवचावरच येतोय, आणि तो दोष नाण्याच्या आवाजाने शोधता येतो.

मग रिकामं कॅरियर घेऊन शंभरेक किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आणा. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा पान्याने तपासा आणि पायांभोवतीच्या जेलकोटवर भिंग धरून नवी भेग आली आहे का ते बघा. पाइपने पाणी मारून आत कोरड्या टिश्यूने प्रत्येक प्लेटची कड टिपा. ती कोरडी निघाली तर पॅनेलं वर चढवायला हरकत नाही.